निळ्या धाग्यांचं झाड

आमच्या घरी एका वर्षी ख्रिसमस ट्री होतं असं मी ऑफिसात सांगितलं, की लोक आधी माझ्या आडनावाचा विचार करतात आणि मग हसतात. आमचं आडनाव आणि ते झाड त्यांच्या डोक्यात एका खोलीत मावत नाही. मीही हसते. पण आत कुठेतरी राग उसळतो, आणि तो त्यांच्यावरचा नसतो. तो बदलापूरच्या एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरचा असतो, तिथल्या समोरासमोरच्या दोन दारांमधल्या चार पावलांवरचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवरचा.

आम्ही आधी उल्हासनगरला चाळीत राहायचो. गल्लीच्या टोकाला विहार होता, आजूबाजूला सगळे आपलेच, आणि चाळीच्या मागे सिंध्यांची दुकानं. कुणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून कळायचं आणि वाटी घेऊन आत जायला कुणाला विचारावं लागायचं नाही. पप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. दोन हजार सालानंतर बदलापुरात जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगी उभ्या राहायला लागल्या, तेव्हा त्यांनीही एक छोटा वन बीएचके घेतला. तीन मजले, बारा घरं. त्यातली अकरा त्यांची आणि एक आमचं.

खाली जिन्यापाशी नावांचा बोर्ड होता. त्यावर आमचं आडनाव लागलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला जे कळायचं ते कळलं. कुणी काही विचारलं नाही. कुणी कधी वाईट बोललंही नाही. खरी गोम तिथेच होती. कुणी बोललं असतं तर पप्पांनी उत्तर दिलं असतं, त्यांच्याकडे उत्तरांचा तोटा नव्हता. पण हसून 'काय वहिनी, बरं आहे ना' म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर देणार?

पहिल्या गणपतीत समोरच्या काकूंकडून मोदकाचं ताट आलं. दिवाळीत फराळाचं आलं. आमच्याकडे दिवाळी नसते. पण आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही हे आईला तिच्या आईने शिकवलेलं होतं, आणि धर्म बदलला तरी ते काही बदललं नव्हतं. म्हणून तिने खास त्या ताटासाठी शंकरपाळ्या केल्या. आईच्या शंकरपाळ्या एका टोकाला चिमटलेल्या असायच्या, तिची सवयच होती ती. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर खाली वॉचमन प्लास्टिकच्या पिशवीतून शंकरपाळ्या खात होता. एका टोकाला चिमटलेल्या. मी विचारलं तर म्हणाला, "सामनेवाली भाभी ने दिया. ले, तू भी खा."

मी वर जाऊन आईला सांगितलं. सांगायला नको होतं, पण नऊ-दहा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल कुठली. त्यानंतर जेव्हा जेव्हा ताट आलं तेव्हा तिने त्यात बिस्किटाचा पुडा ठेवून परत दिलं. बंद पुडा. तो मात्र त्या घरात बरोबर पचायचा. काकूंची मुलगी माझ्याच वर्गात होती, ती ती बिस्किटं माझ्यासमोर बसून खायची.

ही मुलगी माझी मैत्रीण होती, आजही मी तिला वाईट म्हणणार नाही. रोज मला हाक मारायला यायची आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहायची. आई म्हणायची, आत ये गं, पाणी घे. तर ती म्हणायची, "आत्ताच पिऊन आली काकी." दोन वर्षं ती पोरगी आमच्या दारात येण्याआधी पाणी पिऊन यायची. तिला कुणीतरी घरात तसं शिकवलेलं असणार, आणि ती तेवढंच पाळत होती.

मला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी आमच्या घरात यावं, बसावं, आणि माझ्या आईने केलेलं काहीतरी खावं. बस.

आमची शाळा सिस्टर लोकांची होती. डिसेंबर लागला की शाळेत गोठा मांडायचे, चांदण्या लटकवायचे, आणि बिल्डिंगमधली पोरं घरी आल्यावरही तेच बोलत बसायची. मी सातवीत होते. एक दिवस जिन्यात बसून मैत्रीण म्हणाली, "अपने बिल्डिंग में एक के पास भी ट्री नहीं है यार. कुणाकडे असता ना, मी रोज गेली असती बघायला." माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. गणपती त्यांचा, दिवाळी त्यांची, संक्रांत त्यांची. जयंती आमची, आणि ती ते फक्त गॅलरीतून बघायचे. पण नाताळ बिल्डिंगमध्ये कुणाचाच नव्हता. तिथे सगळे सारखे. तिथे त्यांना कुणी पाणी पिऊन ये म्हणून शिकवलेलं नसणार.

संध्याकाळी पप्पा कामावरून आले, हातपाय धुऊन बसले, तेव्हा मी विषय काढला. पप्पांनी आधी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर दोन फोटो होते, एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातला.

"डिसेंबरात?" ते म्हणाले. "सहा तारखेला दादरला जाऊन आलो ना आपण? अजून पायाची सूज नाही उतरली तुझ्या आईच्या. आणि पंचवीसला आपला वेगळा दिवस असतो. त्या दिवशी महाडला पोथी जाळली. त्या दिवशी तू झाड सजवणार?"

मी तयारी करूनच आले होते. "बावीस प्रतिज्ञांत ख्रिसमसचं नाव नाहीये."

पप्पांना बावीसच्या बावीस पाठ. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, ओठ हलत होते. ओट्याशी आई पोळी लाटायची थांबली. बाविसावीपर्यंत गेले आणि परत पहिलीपासून सुरू झाले. दुसऱ्यांदाही त्यात ख्रिसमस निघाला नाही.

"नाव नाही म्हणजे करायचं, असं नाही होत," ते म्हणाले.

"मग करायचं नाही, असं पण नाही होत."

त्यावर ते भडकले. "आपण धर्म एकदा बदललाय. विचार करून. तो काय शाळेचा युनिफॉर्म आहे, सोमवारचा वेगळा, बुधवारचा वेगळा? लोक काय म्हणतील, ह्यांना जे मिळेल ते चालतं." आणि शर्ट चढवून खाली निघून गेले. मी आतल्या खोलीचं दार आपटलं आणि जेवले नाही. मला पप्पांचा इतका राग आला होता की मी त्यांच्या डब्याचा चमचा लपवून ठेवला. दुसऱ्या दिवशी बिचारे हाताने जेवले असतील, ते तसेही हातानेच जेवायचे.

आई मात्र काहीतरी ठरवून बसली होती. ती घरी जिन्सचं धागा कटिंग करायची. उल्हासनगरच्या कारखान्यातून पँटींचे गठ्ठे आणायचे, शिलाईचे लोंबते धागे कात्रीने कापायचे, घडी घालून गठ्ठा परत पोचवायचा. पँटींचा रंग सुटायचा, त्यामुळे आईची बोटं कायम निळी असायची. नखांच्या कडेला तर पक्की निळी. शनिवारी ती गठ्ठा पोचवायला निघाली आणि मला म्हणाली, "चप्पल घाल." कारखान्यातून निघाल्यावर ती बदलापूरच्या दिशेला न वळता उल्हासनगरच्याच कॅम्प दोनच्या बाजारात शिरली, तेव्हा मला कळलं.

एका दुकानात छताला झाडं उलटी टांगलेली होती. शेजारी दिवाळीचे उरलेले कंदील आणि सांताक्लॉजचे मुखवटे एकाच दोरीवर. गल्ल्यावर म्हातारा सिंधी शेठ होता. "बोलो दीदी, घर के लिए चाहिए के चर्च के लिए?"

"घर के लिए," आई म्हणाली.

"ख्रिश्चन हो?"

"नाही. बौद्ध."

"अच्छा," शेठ म्हणाला, "हम सिंधी. ले जाओ, झाड को क्या मालूम." आणि काठीने एक झाड खाली काढलं. बदलापुरात जे दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं ते ह्या माणसाने अर्ध्या मिनिटात विचारलं आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात विसरूनही गेला. मला तो फार आवडला. चांगली झाडं आम्हाला परवडण्यातली नव्हती. शेवटी त्याने कोपऱ्यातलं एक काढलं, चार फुटांचं, शोसाठी उभं केलेलं. "इसका स्टँड टूट गया. नीचे पत्थर लगा देना, दस साल चलेगा." आईने ते घेतलं आणि कारखान्यातून आणलेल्या नव्या गठ्ठ्यावर आडवं बांधलं.

घरी आल्यावर आम्ही ते डब्यात उभं केलं, बादलीत केलं, विटा लावल्या. तीनदा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा पप्पा दारात होते. बघितलं, बूट काढले, आत गेले. चहा मागितला. मी भांडायला कंबर कसून बसले होते, ते तसंच राहिलं. सोमवारी ते कंपनीतून आले ते एक जड पिशवी घेऊन. आत भंगारातली लोखंडी चकती होती, तिला मधोमध पाइपचा तुकडा वेल्डिंग केलेला. झाडाचा दांडा त्यात बरोबर बसला.

"पडून कुणाच्या डोळ्यात जाईल," ते आईला म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

सजवायला काय? लाइटची माळ घरात होती, जयंतीची, निळी. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. मी नुसतं वर बघितलं तर पप्पा म्हणाले, "जयंतीचं सामान जयंतीला." तो विषय तिथेच मिटला. मग आईने पलंगाखालून पोतं ओढलं. कापलेले धागे ती टाकायची नाही, उशांत भरायला ठेवायची. पोतंभर निळे धागे, फिके, गडद, काही पिवळ्या शिलाईचे. तिने मूठभर घेऊन त्यांचा पीळ घातला आणि लांब माळ केली. मी दुसरी केली. कारखान्यातून बाद झालेली पितळी बटणं होती, ती दोऱ्यात ओवून फांद्यांच्या टोकांना टांगली. दोन संध्याकाळी आम्ही दोघी गठ्ठे बाजूला सारून तेच करत बसलो. आई काम सोडून माझ्यासोबत खेळायला बसली असं मला तेवढंच आठवतं. झाड हिरवं कमी आणि निळं जास्त दिसायला लागलं. वर चांदणी नव्हती. आईने जिन्सच्या तुकड्याची शिवली, आत कापूस भरून.

ते झाड खरंच सुंदर होतं. मी नंतर हॉटेलांत, मॉलमध्ये वीस-वीस फुटांची बघितली. एकही तसं नव्हतं.

केकची कल्पना आईची. ती पूर्वी एका घरी काम करायची, तिथे शिकलेली. ओव्हन नव्हता. जुन्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी रेतीचा थर द्यायचा, रेती तापवायची आणि वर केकचा डबा ठेवायचा. रेतीला बदलापुरात काय तोटा, प्रत्येक कोपऱ्यावर ढीग. मी डबाभर आणली. आईने ती चाळली, तीनदा धुतली, उन्हात वाळवली. चोवीस तारखेला दुपारी केक करायला घेण्याआधी ती मोरीत बसली आणि लिंबाच्या सालीने बोटं घासायला लागली. नखांच्या कडा घासघासून लाल झाल्या. निळं गेलं नाही.

"राहू दे ना," मी म्हटलं.

"लोक येणार आहेत," ती म्हणाली.

पंचवीस तारखेला सकाळीच पप्पा पांढरा शर्ट घालून अंबरनाथच्या कार्यक्रमाला गेले. मी प्रत्येक दार वाजवून आमंत्रण दिलं. आणि काय सांगू, आले. पोरं आली, तीन बायका आल्या, काकूसुद्धा आल्या. आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. मी तो ढीग बघायला दोनदा बाहेर गेले.

"अय्या, ट्री किती भारी," कुणीतरी म्हणालं. काकूंनी धाग्यांची माळ हातात घेऊन बघितली. "हे वेगळंच आहे गं. कुठून आणलं?"

आईचा गठ्ठा चादरीखाली झाकून ठेवला होता. "कॅम्प दोनला मिळतं," मी म्हटलं. आईने ऐकलं. ती केक कापत होती.

मग काकू आईला म्हणाल्या, "तुम्ही आता ख्रिश्चन झालात वाटतं, वहिनी?" गोड आवाजात, अगदी कौतुकाने. मला वाटतं झालो असतो तर चाललं असतं त्यांना. त्यांच्या दृष्टीने ते वरचं काहीतरी, इंग्लिशमधलं.

"नाही हो," आई म्हणाली. "पोरीची हौस."

तिने बशा फिरवायला घेतल्या. मैत्रिणीने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला आणि आईकडे, म्हणजे तिच्या आईकडे, बघितलं. बाकीच्या बायकांनीही काकूंकडेच बघितलं. काकूंनी विचारलं, "केक घरी केलाय का?"

माझ्या आईचं तोंड उघडलेलं मला दिसलं. ती 'हो' म्हणणार होती. तिच्या चेहऱ्यावर तो 'हो' येऊन बसला होता, रेती, कुकर, सगळं सांगणार होती ती. आणि तिच्या आधी मी बोलले.

"नाही. विकतचा आहे. कॅम्प दोनच्या बेकरीतला."

आईने माझ्याकडे बघितलं. मग ती काकूंना म्हणाली, "हो. विकतचा." आणि बशी टेबलावर ठेवून हात पदराखाली घेतले.

सगळ्यांनी खाल्ला. मैत्रिणीने खाल्ला, पाणीही मागून प्यायली. काकूंनी तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, "बेकरीचा तो बेकरीचाच. घरी नाही बाई असा जमत." आई हसली. तिला हसताना बघून मला तिचाही राग आला. म्हण ना, मी केलाय म्हण. पण ती कशी म्हणणार, तिच्या पोरीनेच तिला खोटं पाडून ठेवलं होतं.

मला हवं होतं ते सगळं मिळालं त्या दिवशी. लोक आले, बसले, माझ्या आईने केलेलं खाल्लं. मी आतल्या खोलीत जाऊन उशीला गुद्दे मारले. आई बशा घासत होती. तिने मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पप्पा दुपारी परत आले आणि सांगायला लागले की आज बायकांच्या हक्कांवर फार छान भाषण झालं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं कसं झालं?"

"चांगलं झालं," आई म्हणाली. "केक सगळा संपला."

जानेवारी लागला आणि एक दिवस काकू दारात आल्या. मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा वाढदिवस होता. "वहिनी, तो केक मागवून द्याल का हो? आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडात त्याचीच चव आहे."

"आणते," आई म्हणाली.

दार बंद झाल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "तू परत करणार? आणि बेकरीचा म्हणून देणार? खोटं कशाला?"

"खोटं कुणी सुरू केलं?" आईने विचारलं. मग ती म्हणाली, "त्यांच्या टेबलावर जाऊ दे एकदा. माझं नाव नसलं तरी चालेल. मला माहीत असेल ना."

तिने केक केला. परत रेती, परत लिंबाच्या साली. मिठाईच्या दुकानातून मागून आणलेल्या कोऱ्या खोक्यात बसवला, वर दोरी बांधली आणि माझ्या हातात दिला. आमच्या दारापासून काकूंच्या दारापर्यंत चार पावलं. तेवढ्यात मी ठरवलं. काकूंनी हसत दोन्ही हात पुढे केले, खोका त्यांच्या हातात गेला आणि मी म्हटलं, "काकू, हा आईने केलाय. ख्रिसमसचा पण आईनेच केला होता. कुकरमध्ये, रेतीवर. तुम्ही तीन तुकडे खाल्ले."

काकूंचं हसू होतं तिथेच राहिलं. "अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना," त्या म्हणाल्या. खोका छातीपासून थोडा लांब धरला होता त्यांनी. "आईला थँक यू सांग हं." दार लागलं.

घरी मी काही बोलले नाही. संध्याकाळी मैत्रीण बोलवायला आली म्हणून गेले. टेबलावर केक होता. पांढऱ्या क्रीमचा, लाल अक्षरांत नाव लिहिलेला, दुकानातला. मी टाळ्या वाजवल्या. मला बशी दिली, ती मी खिडकीत ठेवून आले.

सकाळी शाळेला निघाले तर वॉचमनच्या खुर्चीखाली तो कोरा खोका. त्याने बोटं चाटत हाक मारली. "सामनेवाली भाभी ने पूरा दे दिया. बढिया है, एकदम बढिया."

मी शाळेत गेले नाही. वर जाऊन आईला सगळं सांगितलं, मी काकूंना काय बोलले तेही. आई गठ्ठ्याजवळ बसली होती.

"सगळा दिला?" तिने विचारलं.

"सगळा."

"वॉचमन काय बोलला?"

"बढिया है बोलला."

"मग झालं," आई म्हणाली आणि पँट मांडीवर ओढून धागे कापायला लागली. त्या दिवशी तिने दोन गठ्ठे संपवले. एरवी तिला एका गठ्ठ्याला दिवस लागायचा.

संध्याकाळी पप्पांना कळलं. 'मी सांगत होतो' असं ते म्हणणार म्हणून मी दात आवळून बसले होते. ते तसं म्हणाले नाहीत. उठले, कोपऱ्यातलं झाड लोखंडी चकतीसकट उचललं आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवलं, काकूंच्या दारासमोर. मग स्टूल घेतलं, माळ्यावरची पेटी काढली आणि जयंतीची निळी माळ त्या झाडाला स्वतःच्या हाताने गुंडाळली. वायर आमच्या दाराखालून आत घेतली आणि बटण दाबलं. सगळा पॅसेज निळा झाला.

दोन दिवसांनी सेक्रेटरी आले. पॅसेज कॉमन आहे, म्हणाले. नाताळ तर संपला, म्हणाले.

"बरोबर आहे," पप्पा म्हणाले. "सगळ्यांचे चपलांचे स्टँड ज्या दिवशी आत जातील, त्या दिवशी हेपण आत घेतो. तोपर्यंत एप्रिल येईलच." बारा घरांपैकी अकरा घरांचे स्टँड बाहेर होते. सेक्रेटरींचाही होता. झाड चौदा एप्रिलपर्यंत तिथेच उभं राहिलं, आणि जयंतीला पप्पांनी त्याच्यासमोर मेणबत्त्या लावल्या.

पण मला सांगायचंय ते संक्रांतीचं. संक्रांतीला काकू ताट घेऊन आल्या. झाडाला वळसा घालून, तोंडभर हसत. "तिळगूळ घ्या, गोड बोला." आईनेही "गोड बोला" म्हणत ताट घेतलं. आत येऊन तिने लाडू डब्यात काढले, एक मला दिला, एक स्वतः खाल्ला. चांगले होते लाडू. मग ताट घासलं, धुतलं, पुसलं. मी सवयीने फळीवरचा बिस्किटाचा पुडा काढायला हात वर केला.

"पुडा नको," आई म्हणाली.

"मग काय देऊ?"

"काही नाही. ताट दे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. रिकामं ताट? तिने ते माझ्या हातात दिलं. मी निळ्या उजेडातून चार पावलं गेले आणि बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. ताटात बघितलं. मग माझ्या दुसऱ्या हातात बघितलं, तोही रिकामा होता. मैत्रीण मागून मान काढून बघत होती.

"आईने धुतलंय," मी म्हटलं. "तिच्या हाताने."

काकूंनी ताट घेतलं. मी परत आले तेव्हा आई पुन्हा गठ्ठ्याजवळ बसली होती.

"काय बोलल्या?" तिने वर न बघता विचारलं.

"काही नाही."

"आणि तू?"

"मी सांगितलं, आईने धुतलंय. तिच्या हाताने."

आईची कात्री थांबली. तिने आपली बोटं उलटसुलट करून बघितली. "हे नाताळच्या दिवशी सांगायचं होतंस," ती म्हणाली, आणि पुढची पँट ओढली.